योहाने रडत नाही

वेस्टरहाउनच्या सहकारी दुकानात बटाट्यांच्या कप्प्यावर एक फळा होता. हरवलेली मांजरं, जुन्या सायकली, चर्चमधल्या गाण्याच्या तालमीची वेळ, असं काहीबाही त्यावर टोचलेलं असायचं. १९९९च्या सप्टेंबरात एका सोमवारी डाग्नी बुंडगोरने तिथे एक नवा कागद वाचला : ‘चित्रपटासाठी पाहिजे, पासष्टीच्या पुढची बाई. अभिनय येत नसला तरी चालेल. लाज असली तर चालणार नाही.’

डाग्नी मोठ्याने हसली. शेजारी चीज निवडत असलेल्या इंगर्लिसेने मान वर केली. इंगर्लिसे चर्चच्या गानवृंदाची प्रमुख; डाग्नीही त्यात गायची. गावात कुणी विनाकारण हसलं तर त्याची चौकशी करणं हे तिला आपलं कामच वाटायचं.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही. नोकरी निघालीय,” डाग्नी म्हणाली, आणि खाली कातरून ठेवलेल्या पट्ट्यांमधली फोन नंबरची एक पट्टी तिने फाडून पाकिटात टाकली.

ती एकोणसत्तर वर्षांची होती. बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने कॉडचे काटे काढले होते. नवरा कार्ल सहा वर्षांपूर्वी गेला. बोटीवर नाही, घराच्या छपराची कौलं बदलताना. सिनेमात काम करायची हौस तिला कधीच नव्हती. पण त्याच्या आदल्या गुरुवारी तिची मुलगी बिर्त नगरपालिकेच्या एका बाईला घेऊन आली होती. वृद्धांच्या सदनिकेत आईला जागा मिळेल का, याची बोलणी होती. दोघी डाग्नीच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच हातची कॉफी पीत, तासभर तिच्याबद्दल बोलल्या. ‘आईला जिना झेपतो का?’ ‘रात्री उठतात का त्या?’ डाग्नी मधोमध बसलेली. शेवटी तिने विचारलं होतं, “मी जरा बाहेर जाऊ का? म्हणजे तुम्हाला मोकळेपणी बोलता येईल.” दोघींनाही तो टोमणा आहे हे कळलं नव्हतं.

म्हणून तिने फोन केला.

*

चित्रपटवाले वाळूच्या टेकड्यांमागच्या एका भाड्याच्या सुट्टीघरात उतरले होते. तिघंच जण. दिग्दर्शक त्रोल्स, तेहेतीस वर्षांचा, कोपनहेगनचा, हातावर हात चोळत बोलणारा. कॅमेरा चालवणारी विबेके, उंच आणि अबोल. आणि आवाज टिपणारा एक दाढीवाला, जो सारखा कानावर यंत्र लावून बसलेला असायचा, त्यामुळे त्याच्याशी कुणी बोलत नसे.

त्रोल्सने तिला आपले नियम सांगितले. दिवे लावायचे नाहीत. तोंडाला रंग नाही. मागून वाजणारं संगीत नाही. जे घर असेल तेच घर, जे कपडे अंगावर असतील तेच कपडे. कॅमेरा हातात धरायचा, आणि तो एवढासा, दुधाच्या खोक्याएवढा.

“म्हणजे काहीच नाही,” डाग्नी म्हणाली.

“काहीच नाही!” तो खूश होऊन म्हणाला. “फक्त माणूस. नागडं सत्य. लोकांना सहन होणार नाही असं सत्य. माझ्या मागच्या सिनेमातून अर्धं थिएटर उठून गेलं होतं.”

“कुठे गेले?”

“म्हणजे?”

“उठून गेले ते. घरी गेले असतील, जेवले असतील, झोपले असतील. त्यात काय एवढं?”

विबेके खिडकीकडे तोंड करून हसली. त्रोल्स सिनेमाची गोष्ट सांगायला लागला. योहाने नावाची एक म्हातारी विधवा एका माणसाच्या प्रेमात पडते, त्याला घरी आणते, आणि मुलांना हे इतकं किळसवाणं वाटतं, की ती तिला वेडी ठरवायला निघतात. मधोमध एक प्रसंग होता. योहाने त्या माणसासमोर कपडे काढते. सगळे.

“दार लावून की उघडं ठेवून?” डाग्नीने विचारलं.

“दार लावून. का?”

“थंडी असते म्हणून विचारलं.”

तिला काम मिळालं. खरं तर त्या फळ्यावरून दुसरं कुणी आलंच नव्हतं.

*

बातमी गावात पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बिर्त आली. ती गावातल्याच शाळेत शिकवायची. कोट न काढताच ती स्वयंपाकघरात उभी राहिली.

“आई, शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की सगळे गप्प होतात. तू काय मांडलंयस हे?”

“काम करतेय. बस. राय धान्याचा काळा पाव कापलाय, वर लिव्हरची चटणी आहे.”

“मला काही नको. तू सगळ्यांसमोर… मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“तुझं तोंड कुठे दिसणार आहे? माझं दिसणार आहे. आणि नुसतं तोंड नाही.”

“थट्टा करू नकोस! बाबा असते तर?”

डाग्नीने सुरी खाली ठेवली. “तुझे बाबा असते तर त्यांनी विचारलं असतं, दिवसाचे किती तास आणि मधे कॉफी मिळते का. त्यांना मी सदतीस वर्षं ओळखत होते, बिर्त. तू त्यांना मुलगी म्हणून ओळखत होतीस.”

“लोक हसतील तुला.”

“हसू देत. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे बघून कुणी काहीच केलेलं नाही. हसले तरी पुष्कळ झालं.”

बिर्त निघून गेली. तिने दार आपटलं नाही, अगदी हळू लावलं. डाग्नीला तेच जास्त लागलं.  मग तिने पाव गुंडाळून ठेवला आणि संवादाचे कागद घेऊन बसली.

*

योहानेच्या प्रियकराचं काम करायला राजधानीहून एक नट आला होता. पासष्टीचा, देखणा, आवाज भारदस्त. चार दिवस सगळं नीट चाललं. पाचव्या दिवशी त्याला कळलं, की त्या प्रसंगात त्यालाही कपडे काढायचे आहेत, आणि कॅमेरा मधे थांबणार नाही. त्याने आपल्या दुखऱ्या पाठीचा विषय काढला. दुपारच्या बसने तो गेला.

त्रोल्स वाळूत फतकल मारून बसला. “संपलं,” तो म्हणाला. “आता कोण मिळणार?”

“उठ,” डाग्नी म्हणाली. “पँट ओली होईल. मी बघते.”

ती सायकल काढून बंदरावर गेली. एगॉनची जाळ्यांची खोपी दुसऱ्या धक्क्याच्या टोकाला होती. एगॉन बहात्तर वर्षांचा, विधुर. रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत बसणारा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रोज सकाळी येऊन कुणाची ना कुणाची जाळी दुरुस्त करायचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच बोटीवरच्या दोरखंडात गेली होती. लोकांत असला की तो हात नेहमी खिशात.

तो शांतपणे ऐकत राहिला. सुई जाळ्यातून आत-बाहेर होत होती.

“सगळे कपडे?” त्याने विचारलं.

“सगळे.”

“समुद्रात?”

“नाही, झोपायच्या खोलीत.”

“मग बरं.” त्याने एक गाठ मारली. दुसरी मारली. “डाग्नी, हातमोजा चालेल का गं?”

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. बहात्तर वर्षांचा हा माणूस जगासमोर उघडा व्हायला तयार होता. त्याला काळजी होती ती दोन बोटांची, तीही नसलेल्या.

“नाही चालायचा,” ती हळू म्हणाली. “पण हात पाठीमागे धरलास तर कोण काय बोलणार आहे?”

एगॉनने मान डोलावली. “गुरुवारी नको. गुरुवारी माझा दाताचा डॉक्टर आहे.”

*

प्रसंग शुक्रवारी सकाळी ठरला, कारण त्या खोलीत सकाळी दहा ते बारा एवढाच चांगला उजेड यायचा. कागदावर असं होतं : योहाने कपडे काढते, कपाटाच्या आरशात स्वतःला बघते, कोसळते, रडत रडत चादर ओढून घेते.

“ती का रडते?” डाग्नीने विचारलं.

“कारण तिला आपलं शरीर दिसतं,” त्रोल्स म्हणाला. “ते काय झालंय, ते.”

“ते तिला रोज दिसतं. आंघोळ करताना.”

“हो, पण इथे ती ते पुरुषाच्या नजरेतून बघते. प्रेक्षकाच्या नजरेतून. लोकांनी मान फिरवली पाहिजे, डाग्नी. तेच आपल्याला हवंय.”

डाग्नीला पटलं नाही, पण कारखान्यातही तिला न पटणाऱ्या कितीतरी गोष्टी तिने आधी करून मग बोलून दाखवल्या होत्या. तिने एकदा करून बघितलं. रडू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं नाही. पाचव्या वेळी तिच्या घशातून एक आवाज निघाला, त्यावर एगॉनने घाबरून विचारलं, “काही अडकलं का?”

अकरा वाजून गेले. त्रोल्स तिच्या जवळ येऊन बसला. तिने अंगावर झगा ओढून घेतला होता. तो एकदम मऊ आवाजात बोलायला लागला.

“डाग्नी, कार्लबद्दल सांग.”

“काय सांगू?”

“तो छपरावरून पडला त्या दिवशी. तू कुठे होतीस? आवाज ऐकलास? धावत गेलीस तेव्हा तो तुझ्याशी बोलला का?”

डाग्नी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा ताणला गेला, ओठ थरथरले. ती कपडे वाळत घालत होती त्या दिवशी. ऐकला होता आवाज. आणि मग तिला दिसलं, की विबेकेच्या खांद्याशी कॅमेरा आहे आणि त्यावरचा तांबडा ठिपका पेटलेला आहे.

ती उठली. सावकाश, एक एक बटण लावत तिने आपले कपडे घातले. मग म्हणाली, “पोरा, माझ्या नवऱ्याला तुझ्या कामाला लावू नकोस. त्याने आयुष्यभर पुरेसं काम केलंय.”

ती घरी गेली. एगॉन तिच्यामागून, सायकल हातात धरून, वीस पावलांचं अंतर ठेवून घरापर्यंत आला आणि फाटकावरूनच परत गेला.

*

तिने सोडून दिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. बिर्त तर आनंदाने सदनिकेचे कागद घेऊन आली असती. त्या दुपारी डाग्नीने सगळं घर धुऊन काढलं. फरशी घासताना तिच्या लक्षात आलं, की ती त्रोल्सवर रागावली आहे, योहानेवर नाही. योहाने बिचारी काय करणार? ती तर एका तेहेतीस वर्षांच्या पोराच्या तावडीत सापडली होती, ज्याला वाटत होतं की म्हातारं होणं म्हणजे रडायची गोष्ट.

शनिवारी सकाळी साडेनऊला ती सुट्टीघराच्या दारात उभी होती. एगॉनला ती वाटेत घेऊनच आली होती.

“माझी अट आहे,” ती त्रोल्सला म्हणाली. “एकदा माझ्या पद्धतीने. मधे थांबवायचं नाही, बोलायचं नाही. तू बाहेर बसायचंस.”

“मी? बाहेर? मी दिग्दर्शक आहे!”

“म्हणूनच. त्यानंतर तुला ते फालतू वाटलं तर कांदा चोळून रडून दाखवीन. शब्द देते.”

“आजच्यापुरती एकच टेप उरलीय, त्रोल्स,” विबेके मधेच म्हणाली. आठवडाभरात तिने उच्चारलेलं हे सर्वांत लांब वाक्य होतं. “मला तिचं करून बघायचंय.”

त्रोल्स बाहेर जाऊन वाळूत येरझाऱ्या घालू लागला. खिडकीतून त्याचं डोकं जाताना दिसे, येताना दिसे.

योहानेने कपडे काढले. कामावरून आल्यावर बाई जसे काढते तसे. स्वेटर घडी करून खुर्चीवर. मोजे काढताना ती पलंगावर बसली, कारण डाव्या कमरेत कळ येते. बोलता बोलता तिने एगॉनला आपलं शरीर दाखवलं, जसं पाहुण्याला घर दाखवतात तसं. हा टाका अपेंडिक्सचा. इथे मुलगी झाली तेव्हा कापलं होतं. हा खांदा पावसाच्या आधी दुखतो. ते खाली आलेत, पूर्वी वर होते. आरशाकडे तिने पाहिलं, केस कानामागे सारले, आणि पुढे गेली.

एगॉन पलंगाच्या दुसऱ्या कडेला ताठ बसला होता, हात पाठीमागे. कागदावरचे शब्द तो विसरला होता. मग त्याने कुणी न सांगता उजवा हात पुढे आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. “ही दोन एकोणीसशे एक्कावन्नला गेली,” तो म्हणाला. “उत्तर समुद्रात. बघायचीत?”

“असलेली तीन बघते ना,” योहाने म्हणाली.

दोघं आडवे झाले तेव्हा पलंगाने असा काही करकर आवाज केला, की दोघांनाही हसू फुटलं. थांबवायचा प्रयत्न केला तसं आणखीच. दाढीवाल्याने आपली माइकची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, हलू नये म्हणून. सात मिनिटं झाली. विबेकेने कॅमेरा खाली घेतला आणि बाहीने नाक पुसलं.

त्रोल्सने ते त्या छोट्या पडद्यावर उभ्याउभ्याच पाहिलं. टेप मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

“यात संघर्ष नाही,” शेवटी तो म्हणाला.

“तुला हवा तो नाही,” डाग्नी म्हणाली. “चल, कॉफी कर.”

*

पुढच्या दहा दिवसांत बाकीचे प्रसंग उरकून चित्रपटवाले गेले आणि हिवाळा आला. राजधानीत त्या वर्षी असल्या चित्रपटांची हवा होती. वर्तमानपत्रं त्यावर भांडत होती, आणि वेस्टरहाउनमध्ये ती वर्तमानपत्रं एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. गानवृंदात इंगर्लिसेने डाग्नीला बाजूला घेऊन सांगितलं, की नाताळात ती जरा मागच्या रांगेत उभी राहिली तर बरं.

“माझा आवाज मागून ऐकू येतो का नीट?”

“आवाजाचा प्रश्न नाही, डाग्नी.”

“मग प्रश्नच नाही,” डाग्नी म्हणाली आणि पुढच्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारच्या दोघी एक-एक पाऊल सरकल्या. पुढच्या मंगळवारच्या तालमीलाही ती तिथेच, त्या दोघीही तिथेच सरकलेल्या. असे पाच मंगळवार गेले. सहाव्या मंगळवारी त्यांच्यातली एक गाण्याच्या वहीआडून कुजबुजली, “एगॉन कसा आहे गं? म्हणजे… तसा?”

“गुदगुल्या सहन होत नाहीत त्याला,” डाग्नीने उत्तर दिलं, आणि आल्टोची, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांची, अख्खी रांग सूर चुकली.

बिर्त मात्र येत नव्हती. रविवारी फोन करायची. हवा कशी आहे, गोळ्या घेतल्यास का, एवढंच.

*

पक्की प्रत निघण्याआधी चित्रपट गावाला दाखवायचा, असं त्रोल्सने कबूल केलं होतं, आणि तो शब्दाला जागला. गावाचं थिएटर लोक स्वतःच चालवायचे. अठ्ठ्याऐंशी खुर्च्या, तिकिटं फाडायला रिटायर झालेला टपालवाला. समितीने दोन बैठका घेऊन मार्चमधल्या रविवारी दुपारचे दोन ही वेळ दिली. संध्याकाळची वेळ द्यायला त्यांचं मन झालं नाही.

खुर्च्या भरल्या आणि मागे माणसं उभी राहिली. डाग्नी एगॉनजवळ बसली. मान वळवून तिने पाहिलं, तर दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बिर्त होती, कोट घातलेली.

तो प्रसंग आला. त्रोल्सने त्याला कात्री लावली नव्हती. सगळीच्या सगळी सात मिनिटं. चार जण उठून गेले. पडद्यावर योहाने म्हणाली, ते खाली आलेत, पूर्वी वर होते, तेव्हा कुठल्यातरी बाईने अंधारात “आमेन!” म्हटलं आणि अख्खं थिएटर हसलं. पलंग करकरला तेव्हा लोक डोळे पुसत हसत होते. डाग्नीने सुटकेचा श्वास टाकला. एगॉनचे दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर होते.

मग शेवट आला. मुलं टेबलावर तिला वेडी ठरवायचे कागद मांडतात, योहानेने सही करायची. आणि पडद्यावर, जवळून, योहानेचा चेहरा आला : ताणलेला, ओठ थरथरणारे, डोळ्यांत असं काहीतरी, की थिएटरमधला खोकलासुद्धा थांबला.

डाग्नीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. झग्याची कड दिसत होती कोपऱ्यात. तो चेहरा योहानेचा नव्हता. त्या चेहऱ्याने छपराकडून आलेला आवाज ऐकला होता.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या, बऱ्याच वाजल्या. त्रोल्स लाल चेहऱ्याने पुढे गेला आणि म्हणाला, कुणाला काही विचारायचं आहे का. डाग्नी उभी राहिली.

“शेवटचा चेहरा काढ.”

त्रोल्स हसला. मग त्याचं हसू गेलं. “डाग्नी, आपण हे नंतर…”

“नंतर नाही. ह्यांनी तो आत्ता पाहिलाय, तर आत्ताच बोलू. तो चेहरा मी केलेला नाही. तू मला कार्लच्या मरणाबद्दल विचारलंस आणि मला न सांगता तो घेतलास.”

“मीही घेतला,” विबेके भिंतीपाशी उभी होती, ती खालमानेने म्हणाली. “कॅमेरा माझ्या हातात होता.”

“पण तो अख्ख्या सिनेमातला सगळ्यात खरा क्षण आहे!” त्रोल्सचा आवाज फाटला. “इतका खरा की… तूच म्हणतेस ना, खोटं रडायचं नाही? हे खरं आहे!”

“आहे. म्हणूनच तो तुझा नाही.” ती खाली बसली नाही. “मी माझं सगळं अंग तुला दिलं, त्रोल्स. स्वतः दिलं, हसत दिलं. त्यातलं काहीही मागत नाही परत. एवढंच दिलं नव्हतं.”

 इंगर्लिसे मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. मग मागून, दाराजवळून आवाज आला.

“ते माझे वडील होते.” बिर्त उभी होती. गळ्यापासून वर लालबुंद झाली होती. “बाकीचा सिनेमा… बाकीच्याबद्दल मी आईशी बोलेन. पण ते काढ. ती म्हणतेय ना.”

त्रोल्स एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. “मग शेवट काय राहील?” त्याने विचारलं. या वेळी तो वाद घालत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“ते मला विचारायला ये,” डाग्नी म्हणाली. “सकाळी ये. उजेड असताना.”

बाहेर समुद्रावरून वारा येत होता. बिर्त गाडीजवळ थांबली होती. 

“तू हसत होतीस,” बिर्त म्हणाली. “त्या सीनमध्ये. मी तुला असं हसताना… मला आठवतच नाही.”

“तू तेव्हा झोपलेली असायचीस,” डाग्नी म्हणाली.

बिर्तने तोंडावर हात घेतला. “आई गं! शी!” आणि मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की हसतेय, हे डाग्नीला नीट दिसलं नाही. तिने नुसता तिच्या कोटाचा पट्टा सरळ केला.

*

त्रोल्स लगेच आला नाही. तीन आठवडे त्याचा फोनही नव्हता, आणि डाग्नीने मनाशी ठरवून ठेवलं होतं, की आला नाही तर ती स्वतः रेल्वेने कोपनहेगनला जाईल. एगॉनने गाड्यांच्या वेळा लिहूनही आणल्या होत्या. एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी दारात तिघंही उभी राहिली, मागे योहानेच्या मुलांची कामं करणारे दोघे नट. विबेकेने तिच्या हातात एक छोटी टेप ठेवली. त्या शुक्रवारची.

“याची दुसरी प्रत नाही,” त्रोल्स म्हणाला. तो वाळला होता. “लोक म्हणाले मी मूर्ख आहे.”

“असशील. आत ये.”

स्वयंपाकघरात त्यांनी टेबल मोकळं केलं. ते दोघे नट समोर बसले, मधे कागद. त्रोल्स ओट्याला टेकून उभा राहिला, हातात काहीच नाही, लिहिलेला कागदही नाही.

“तर योहानेची मुलं म्हणतायत, सही कर,” तो म्हणाला. “ती काय करते?”

डाग्नीने विचार केला. घाई नव्हती, खिडकीतून टेबलावर चांगला उजेड पडला होता आणि तो अजून तासभर तरी राहिला असता.

“आधी ती तो सगळा वाचते,” ती म्हणाली. “शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने. त्यांना बसून ऐकायला लावते.”

“आणि मग?”

“ते वाचून झाल्यावर कळेल तिला. तू सुरू कर.”

तिने चष्मा लावला. विबेकेने कॅमेरा खांद्याशी धरला, तांबडा ठिपका पेटला आहे हे डाग्नीला बोटाने दाखवलं, आणि डाग्नीने मान हलवल्यावरच ती जवळ आली.